गाडी अचानक ओढेनाशी झाली तर: जुन्या गाडीतला दोष कसा शोधावा

कालपर्यंत चौथ्या गिअरमध्ये सहज चढणारा चढ आज दुसऱ्या गिअरमध्येही जड जातोय. अशा वेळी बरेच जण प्लग, फिल्टर, पंप असे एकेक पार्ट बदलत सुटतात. खिसा हलका होतो आणि दोष जागच्या जागी. त्यापेक्षा अर्धा तास गाडीला द्या आणि खालच्या क्रमाने बघत जा. आधी फुकटातलं, मग खर्चाचं.

सुरुवात डॅशबोर्डपासून. टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे गेलाय किंवा ऑइलचा लाल दिवा लागलाय? मग गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, बाकी तपासणी नंतर. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी रेटू नका. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला, धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो महागडा भाग कायमचा जातो.

आता बघायचं ते हे, की इंजिनच दमलंय की त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम (इंजिन फिरण्याचा वेग) पळतो पण वेग तेवढाच राहतो, तर क्लच स्लिप होतोय. थोडी गाडी चालवून, शक्यतो ब्रेक न मारता थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या (चिकटवू नका, भाजेल). एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

पायाखालचं मॅट पेडलमध्ये अडकलंय का, तेही बघून घ्या. हसू नका, असं होतं. केबलवाली गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेटखाली थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडतोय का ते पाहा.

हे सगळं ठीक असेल तर कान द्या. इंजिन धक्के देत, अडखळत चालतंय, की एकसारखं चालतंय पण जोर नाही? माझ्या मते सगळ्या तपासणीत हाच प्रश्न सर्वांत कामाचा.

अडखळत असेल, म्हणजे मिसिंग असेल, तर पेट्रोल गाडीत पहिला संशय स्पार्कवर. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड दाखवणारं यंत्र) लावता आला तर कोड वाचा: पी ०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही एका सिलिंडरपुरतं नाही, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड ०३०३ झाला तर कॉइल गेली. ०३०२ च राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बघा. स्कॅनर लागत नाही इतकी जुनी गाडी असेल तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. चिरलेल्या प्लग वायरीतून निळसर ठिणग्या उडताना दिसतात. चालू इंजिनवर वायरीला हात मात्र लावायचा नाही. प्लग काढलाच तर त्याचं टोक वाचा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय.

एकसारखं पण दमलेलं असेल तर हवा, इंधन नाहीतर सायलेन्सर. एअर फिल्टर उघडून बघायला दोन मिनिटं लागतात. इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन केल्यावर, स्टार्टर न मारता, साधारण दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. सपाटीवर बरी पण चढावर मरगळते, तर फ्युएल फिल्टर तुंबल्याची शक्यता मोठी.

माझी एक जुनी गाडी वीस मिनिटं छान चालायची, मग जीव टाकायची. थांबलं की पुन्हा ठणठणीत. एका गॅरेजने पंप बदलला, दोन दिवसांत ये रे माझ्या मागल्या. शेवटी टाकीचं झाकण उघडलं तर जोरात सूंऽऽ करून हवा आत गेली. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. थोडा सुस्कारा बऱ्याच गाड्यांत येतोच. झाकण उघडल्याबरोबर गाडी सुधारते का, हा खरा पुरावा.

कन्व्हर्टर तुंबला असेल तर आरपीएम एका मर्यादेपुढे जायला कां-कूं करतो. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतंय ते दाखवणारं मीटर) असेल तर इंजिन २,५०० आरपीएमवर धरा. काटा हळूहळू खाली घसरत राहिला तर धूर बाहेर पडायला वाट नाही. टर्बो डिझेलमध्ये काळा धूर आणि फुसफुस आवाज म्हणजे बहुधा टर्बोचा होज फाटलाय.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सगळेच सिलिंडर सारखे कमी आले तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा दातेरी पट्टा) दात सोडून सरकल्याचा संशय घ्या, आणि तो तपासेपर्यंत स्टार्टर मारू नका. अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.