प्रोलॉगची शैली शिकायला बसण्यापूर्वी

प्रोलॉग ही तर्कावर चालणारी प्रोग्रामिंग भाषा. तिच्यासाठी आधी एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हे सॉफ्टवेअर टाकून घ्या. मोफत आहे, आणि त्याच्या वॉर्निंग फार कामाच्या असतात. ‘सिंगलटन व्हेरिएबल’ (नियमात एकदाच आलेलं व्हेरिएबल) दिसलं की बरेचदा नाव लिहिताना कुठेतरी अक्षर चुकलेलं असतं. अशी एकही वॉर्निंग शिल्लक ठेवायची नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळा.

मग याद्या जोडणारं ‘अपेंड’ घेऊन निवांत बसा. दोन याद्या देऊन त्यांची जोड सगळेच विचारतात. तुम्ही उलटं विचारा: 1, 2, 3 ही जोडलेली यादी द्या आणि दोन्ही तुकडे मोकळे सोडा. सेमीकोलन दाबत गेलात की चारही विभागण्या एकेक करून बाहेर येतात, तेही कोडला हात न लावता. 1972 मध्ये फ्रान्सच्या मार्सेयमध्ये जन्मलेल्या या भाषेचं खरं बळ माझ्या मते इथेच आहे. हे अंगवळणी पडेपर्यंत कोड लिहिण्याच्या ठरावीक पद्धतींच्या, म्हणजे पॅटर्नच्या मागे लागू नका. प्रेडिकेटला, म्हणजे नियमांनी मांडलेल्या नात्याला, नाव देतानाही हुकूम सोडू नका, नातं सांगा.

पुढचा टप्पा अ‍ॅक्युम्युलेटरचा, म्हणजे आतापर्यंतचं उत्तर सोबत नेणाऱ्या जादा आर्ग्युमेंटचा. यादी उलटवण्याचा सरळसोट कोड दर पायरीला ‘अपेंड’ बोलावतो आणि 30 घटकांसाठी 496 कॉल खर्च करतो. अ‍ॅक्युम्युलेटर लावला की तेच काम 32 मध्ये होतं. दोन्ही हातानं लिहा, ट्रेस लावून एकेक पायरी बघा. डिफरन्स लिस्ट (शेवट मोकळा ठेवलेली यादी) आणि डीसीजी (व्याकरणाचे नियम लिहिण्याची पद्धत) त्यानंतर सोपे जातात.

‘कट’, म्हणजे उरलेले पर्याय तोडून टाकणारं ‘!’ हे चिन्ह, मात्र शेवटी. दोन संख्यांतली मोठी शोधणारं प्रेडिकेट लिहा: पहिल्या नियमाच्या डोक्यात (सुरुवातीच्या भागात) उत्तर म्हणून पहिली संख्या, पुढे ‘पहिली मोठी किंवा समान’ ही अट आणि कट; दुसऱ्यात उत्तर दुसरी संख्या, काहीच अट नाही. आता विचारा, 5 आणि 3 मधली मोठी 3 का? ते बिनदिक्कत ‘ट्रू’ म्हणतं! उत्तराची जागा 3 ने आधीच भरल्यामुळे पहिल्या नियमाचं डोकंच जुळत नाही, कटपर्यंत गाडी पोचत नाही आणि दुसरा नियम होकार देऊन टाकतो. उत्तर कटनंतर जुळवा, किंवा दुसऱ्या नियमातही अट स्पष्ट लिहा. म्हणूनच पीएलयुनिट या एसडब्ल्यूआयच्या टेस्ट-साधनात टेस्ट लिहिताना जे फेल व्हायलाच हवं, तेही तपासा.

वाचनासाठी एसडब्ल्यूआयचीच याद्यांची लायब्ररी उघडा, ती प्रोलॉगमध्येच लिहिलेली आहे. प्रेडिकेटवरच्या कॉमेंटमध्ये आर्ग्युमेंटपुढे अधिक, उणे किंवा प्रश्नचिन्ह असतं: अधिक म्हणजे आधीच भरलेलं, उणे म्हणजे उत्तर येण्याची जागा, प्रश्नचिन्ह म्हणजे दोन्ही चालेल. तुमच्या प्रत्येक प्रेडिकेटवर ही ओळ कोडच्या आधी लिहा.