पहाटेचे पाव आदल्या तारखेला: छोटं सॉफ्टवेअर लिहिताना या चुका टाळा

फोंड्याजवळच्या एका बेकरीची वही मी संगणकावर आणली. पोदेर, म्हणजे घरोघरी पाव विकणारे, पहाटे सायकलला टोपली बांधतात. कोणी किती पाव, उंडे, पोई नेले ते निघतानाच नोंदवायचं आणि महिनाअखेर हिशेब काढायचा, एवढंच काम. पहिला महिना संपला तेव्हा मालकांनी आपली जुनी वही पडद्याशेजारी उघडून ठेवली आणि एकेका ओळीवर बोट फिरवत म्हणाले, "बाब, तू एक तारखेला दाखवतोस ते पाव दोन तारखेचे आहेत."

संध्याकाळच्या फेरीच्या नोंदी मात्र बिनचूक होत्या. तिथेच उत्तर सापडलं. मी वापरलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसचा 'करंट टाइमस्टँप', म्हणजे आत्ताची वेळ देणारा शब्द, जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी, लिहितो. आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. पहाटे ४:४५ ची नोंद त्यामुळे आदल्या दिवशीची रात्री ११:१५ होते. साडेपाचनंतरच्या नोंदींची तारीख बरोबर दिसते, म्हणून घरी दुपारी चाचणी घेणाऱ्याला ही चूक कधीच भेटत नाही.

अशा वेळी घाईने जुन्या नोंदींत हाताने साडेपाच तास मिळवू नका. साठवलेली वेळ खरीच असते. ती यूटीसीतच राहू द्या आणि तारीख काढताना 'लोकलटाइम' लावून स्थानिक वेळेत बदला. आधी डेटा बदलला आणि नंतर अहवालही सुधारला, तर साडेपाच तास दोनदा मिळवले जातात. मग संध्याकाळच्या नोंदी दुसऱ्या दिवशी जाऊन बसतात.

नावांचा घोळ याहून चिवट. आपल्याकडे एकाच वाड्यावर चार नाईक आणि सहा गावकर. त्यात कोणी 'गांवकर' लिहितो, कोणी 'गावकर', कोणी 'नाइक'. माणसाला हे एकच वाटतं, संगणकाला नाही. शोधताना नाव सापडलं नाही की दुकानदार नवं खातं उघडतो आणि एकाच माणसाची उधारी दोन खात्यांत वाटली जाते. नावाला ओळख मानू नका. प्रत्येकाला खाते क्रमांक द्या, आणि नावाशेजारी वाडा व मोबाइल नंबर दाखवा. गोव्यात माणूस वाड्यावरूनच ओळखला जातो, सॉफ्टवेअरनेही तसंच ओळखावं.

आकड्यांकडेही लक्ष असू द्या. मराठी कीबोर्डवरून '५' आला तर पायथन भाषेचा 'इंट' तो निमूट समजून घेतो, जावास्क्रिप्ट भाषेचा 'नंबर' मात्र आकडाच नाही असं सांगतो. आत घेतानाच अंक बदलून घ्या. पैसे दशांशात ठेवू नका: संगणकाच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे, पूर्णांकात.

आता चित्रशाळेचं, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या जागेचं, सांगतो, कारण माझ्या मते सगळ्यात महाग चूक तीच. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, मूर्तींची मागणी नोंदवायला एका मूर्तिकारांसाठी मी छान फॉर्म केला: उंची, रंग, आगाऊ रक्कम. त्यांनी तो वापरलाच नाही. त्यांच्याकडे प्रत्येक घरचा पाट येतो, त्यावर नाव असतं आणि मूर्ती त्याच पाटावर बसते. त्यांची नोंदवही म्हणजे भिंतीला रचलेले ते पाट. मी दोन संध्याकाळ तिथे नुसता बसलो असतो तर हे दिसलं असतं. पुढच्या वर्षी फॉर्म काढून टाकला. पाटाला चिकटवायची क्रमांकाची चिठ्ठी आणि त्या क्रमांकावर बाकी किती, एवढंच ठेवलं. ते आजही चालतंय.

म्हणून सॉफ्टवेअरची कल्पना सुचल्यावर आधी त्या माणसाची वही, पाट, खिळ्याला टोचलेल्या पावत्या बघा. कोड नंतर.

राहिला बॅकअप. पावसाळ्यात वीज सांगून जात नाही. नोंद झाली की लगेच कमिट करा, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्की करा, दिवसाअखेर एकदम नको. आणि चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. डेटाबेसची 'वॉल' पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) चालू असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असू शकतात आणि कॉपीत त्या येत नाहीत. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरा. मग ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटची नोंद वहीशी ताडून पाहा. बेकरीत हे काम आता मालकांची मुलगी दर रविवारी करते.