रुग्णनोंदींचे मोल कसे ठरवावे
सार्वजनिक रुग्णालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बनवणाऱ्या कंपनीला रुग्णांच्या नोंदी देण्यापूर्वी दर नोंदीमागे किती रुपये हा हिशेब बाजूला ठेवावा. सुट्या केसपेपरला फारशी किंमत नसते, आणि त्याच रुग्णाचे रक्ततपासणीचे अहवाल, औषधे व पुढील भेटी वर्षानुवर्षे एकमेकांना जोडल्या गेल्या की मगच त्याला मोल येते. ही जोडणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वेळ खर्चात धरावा (तो हटकून विसरला जातो). एकरकमी शुल्कापेक्षा, या नोंदींवरून तयार होणाऱ्या साधनाचा सवलतीत वापर करारात मागावा. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयांनी डीपमाइंड या गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीला सुमारे १६ लाख रुग्णांच्या नोंदी दिल्या, तेव्हा रुग्णांना पुरेशी कल्पना दिली नव्हती, असा ठपका ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये ठेवला. म्हणून वाटाघाटींपूर्वीच रुग्णांना सांगावे.