वळवाच्या आधी शेततळ्याचा तळ तपासा

रोहिणी नक्षत्र लागलं की खान्देशात बागायती कापसाची आणि मृगबागेच्या (जून-जुलैत लावायच्या) केळीची तयारी एकदमच सुरू होते. ठिबकची लॅटरल (ओळीतली बारीक नळी) अंथरण्याआधी एकदा शेततळ्याकडे बघा, विशेषतः तळं दहा फुटांपेक्षा खोल असेल तर.

४३-४४ अंशांच्या उन्हात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच राहतं. तळाचं पाणी त्यामानाने थंड, म्हणून जड. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात तापमान झपकन उतरतं. मोठ्या धरणात, समुद्रातही असेच थर पडतात. आपल्याकडचं पाणी मुळातच गरम असल्याने ते लवकर पडतात: १० अंशांच्या आसपास एका अंशाने पाण्याच्या वजनात जेवढा फरक होतो, त्याच्या साधारण तिप्पट ३० अंशांच्या आसपास होतो. वर-खाली दोन-तीन अंशांचा फरक असला, तरी हलका वारा ते पाणी मिसळू शकत नाही.

मग तळाला हवा पोचत नाही. पाला, शेण, माशांचं उरलेलं खाद्य तिथे कुजतं, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो. गाळातलं लोह आणि मँगनीजही पाण्यात विरघळतं. बाटलीत हे पाणी स्वच्छ दिसतं, पण हवा लागली की तांबूस-काळा साका धरतं. सँड फिल्टर त्याला पुरा पडत नाही, कारण बराचसा साका फिल्टरच्या पुढे, ड्रिपरमध्येच (पाणी थेंब-थेंब सोडणाऱ्या तोंडातच) तयार होतो.

थर आहे की नाही हे घरीच कळतं. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तळाशी सोडा आणि दोरीला हिसका देऊन बूच काढा. बुडबुडे थांबले की वर ओढून लगेच थर्मामीटर बुडवा, वासही घ्या. हे काम सूर्य उगवायच्या आत करा. दुपारी फरक सगळ्याच तळ्यांत दिसतो. उथळ तळं रात्रीतून आपोआप मिसळतं. पहाटेही वरच्या आणि तळाच्या पाण्यात दोन अंशांचा फरक राहिला, तर थर पक्का समजा.

अशा तळ्यात फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपाचं टोक) तळाला टेकवू नका. रिकामा प्लॅस्टिकचा ड्रम बांधून व्हॉल्व्ह पाण्याखाली दोन-तीन फुटांवर तरंगता ठेवा. अगदी वरही नको, तिथे शेवाळ असतं. लॅटरलची टोकं उघडून लाइन धुवून घ्या.

रोहू-कटला सोडले असतील तर खरा धोका वळवाचा. दोन दिवस आभाळ, मग वादळ आणि गार पाऊस आला की वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, तळाचं वर येतं, आणि सगळ्या तळ्यातला प्राणवायू काही तासांत घटतो. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मरतूक सुरू होऊ शकते.

विक्रीजोगे मासे पावसाआधीच काढा. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त उपाय. एरिएटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर आतापासून रोज मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंत चालवा, म्हणजे थर घट्ट होणार नाही. महिनाभर बंद ठेवून एकदम तळाशी सुरू केलात तर तोच घाण वर आणेल. आभाळ भरलेल्या दिवशी खाद्य बंद, शेणही टाकू नका. तळं उलटलंच तर वास जाऊन पाणी निवळेपर्यंत ठिबक विहिरीवर चालवा.