केबलिंगच्या कामात या चुका टाळा: शिडीपासून भंगारापर्यंत

डेटा केबल म्हणजे लो-व्होल्टेज, तिचा शॉक कसला, असं म्हणत पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या साइटवर बरीच कामं परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, उरकली जातात. केबलचा शॉक बसत नाही हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण ती केबल फॉल्स सीलिंगमधून, विजेच्या पॅनलला खेटून, रस्त्याखालच्या चेंबरमधून आणि शेडच्या पत्र्यावरून जाते. माणसं जखमी होतात ती या ठिकाणी. पुढच्या चुका त्यामुळे कामाच्या नावानुसार नाही, तर जागेनुसार घेतल्या आहेत.

तीन मीटरच्या ऑफिसात हार्नेस

सुपरवायझरला हार्नेस (पडणाऱ्याला अडवणारे अंगावरचे पट्टे) घातलेला माणूस दिसला की तो निश्चिंत होतो. आता हिशेब करून बघा. लॅनयार्ड, म्हणजे हार्नेस आणि हूक जोडणारी दोरी, १.८ मीटरची, झटका शोषणारा पॅक पूर्ण उघडला तर आणखी १.७५ मीटर, पाठीवरच्या रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर आणि वर एक मीटरची राखीव जागा. एकूण सहा मीटर. म्हणजे हूक जिथे अडकवला तिथून खाली सहा मीटर मोकळं असेल तरच हा संच जमिनीआधी थांबवतो. ऑफिसचं छत तीन-चार मीटरवर असतं, तिथे तो माणूस हार्नेससकट फरशीवर आदळेल.

शिवाय हूक अडकवलेला असतो कशात? फॉल्स सीलिंगच्या तारेत किंवा केबल ट्रेमध्ये. ती तार टाइल्सचं वजन पेलायला असते आणि ट्रे केबलचं. पडणाऱ्या माणसाचा झटका दोन्ही झेलणार नाहीत.

अशा उंचीला कठडे असलेली चाकांची परांची वापरा. चारही चाकं लॉक करा, वर माणूस असताना ती ढकलू नका आणि उंची पायाच्या कमी रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त नेऊ नका. शिडीच लावायची असेल तर टेकवलेल्या टोकाच्या उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाय ठेवा. चार मीटर उंचीला एक मीटर. वर उतरायची जागा असेल तर शिडी तिच्यावर एक मीटर तरी निघालेली हवी. घोडा मिटवून भिंतीला टेकवणं आणि त्याच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहणं या दोन सवयी सर्रास दिसतात आणि दोन्हींत घोडा सरकतो. विजेच्या आसपास ॲल्युमिनियमची शिडी नकोच, फायबरग्लासची आणा.

भोसरी-चाकणच्या शेडवर

कॅमेरा लावायला किंवा दोन शेडमध्ये फायबर ओढायला माणूस थेट सिमेंटच्या पत्र्यावर चढतो. जुना पत्रा ठिसूळ असतो आणि वजन आलं की इशारा न देता तुटतो. बोल्टच्या रांगेवरून चाललं की भीती नाही, असं जुने हात सांगतात, पण त्यावर विसंबू नका. त्याहून फसवा असतो उजेडासाठी मध्ये बसवलेला पारदर्शक पत्रा. धूळ आणि जुना रंग बसला की तो बाकीच्यांसारखाच दिसतो. आतून बघून कोणता पत्रा कुठे आहे याचं रेखाटन करून घ्या. शक्य असेल तिथे बूम लिफ्ट आणून खालूनच काम करा. चढावंच लागलं तर पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या तुळयांवर) टेकतील इतक्या लांब फळ्या, पक्क्या पोलादी बीमला बांधलेली लाइफलाइन आणि खाली बॅरिकेड हवं.

भोक पाडतानाची चूक वेगळी. सिमेंटच्या पत्र्यात ॲसबेस्टॉसचे तंतू असू शकतात. पॉवर ड्रिलने ती धूळ हवेत उडते आणि फुफ्फुसात बसते. हातड्रिल वापरा, जागा ओली ठेवा, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क लावा. कपड्यांवरची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका.

एमसीबी पाडला म्हणून वीज गेली असं समजणं

मोठ्या आयटी इमारतीत सर्व्हरच्या एकाच रॅकला दोन फीड, म्हणजे वीजपुरवठ्याच्या दोन लाइन, असतात. एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो. यूपीएस तर आहेच, आणि वीज गेल्यावर जनरेटर काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. पेनसारखा नॉन-काँटॅक्ट टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, हाही तितकाच धोकादायक समज. बॅटरी उतरली असेल किंवा वायरला शील्ड असेल तर तो गप्पच बसतो. तो फक्त अंदाजासाठी खिशात ठेवा.

खात्री करायची पद्धत अशी: सगळे फीड शोधून बंद करा, प्रत्येकाला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि नाव लिहिलेला टॅग अडकवा. मग दोन टोकांचा टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या मोजा. शेवटी टेस्टर पुन्हा चालू सॉकेटवर तपासा. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मधेच बिघडलेला टेस्टर नेमका तिथेच सापडतो.

चेंबरमध्ये काडी पेटवून बघणं

चेंबरचं झाकण काढलं, आत पेटता कागद टाकला, तो विझला नाही म्हणून माणूस उतरला. ही तपासणी नाही, स्फोटाला आमंत्रण आहे. शेजारच्या ड्रेनेजमधून झिरपलेल्या पाण्यासोबत हायड्रोजन सल्फाइड येतो, मिथेनही येतो. पहिला हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, दुसरा हलका असल्याने वर जमतो. म्हणून गॅस डिटेक्टर वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी दोन-दोन मिनिटं धरा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये हवा, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली (हवेच्या दहा लाख भागांत दहापेक्षा कमी). कुजलेल्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं मानू नका. तो जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर करतो. उतरल्यावरही डिटेक्टर अंगावर चालूच राहू द्या.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे ब्लोअर आणि फायबर जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनसाठी आणलेला जनरेटर चेंबरच्या तोंडाशीच लावणं. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ब्लोअर थेट आत ढकलतो. जनरेटर लांब आणि अशा बाजूला ठेवा की वारा त्याचा धूर चेंबरपासून दूर नेईल. हे स्प्लायसिंग मशीन (फ्यूजन स्प्लायसर) ठिणगीवर चालतं. त्यामुळे शक्य तिथे केबलचा मोकळा भाग वर ओढून व्हॅनमध्येच जोडा.

खालचा माणूस बेशुद्ध पडला तर वरच्याने उतरायचं नाही. मदतीला उतरलेलाच दुसरा बळी ठरतो. वर ट्रायपॉड आणि विंच असली पाहिजे, दोरी आधीच कमरेला नव्हे तर हार्नेसला बांधलेली असली पाहिजे, आणि १०१ ला फोन करायला एक माणूस मोकळा असला पाहिजे.

खोदाई: लोकेटर फिरवला की झालं?

जमिनीखालच्या केबल शोधणारा केबल लोकेटर पॉवर मोडवर ठेवून चालत जाणं पुरेसं नाही. ज्या केबलमधून त्या क्षणी भार वाहत नाही, ती त्या मोडला दिसतच नाही. सिग्नल जनरेटर लावून दुसरी फेरी मारा. गॅसचा प्लास्टिक पाइप तर सोबत ट्रेसर वायर नसेल तर कोणत्याच मोडला सापडत नाही. म्हणून महावितरण, गॅस कंपनी एमएनजीएल आणि महापालिकेकडून नकाशे घ्या, २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर नोंद करा, आणि तरीही दर काही मीटरवर हाताने चाचणीखड्डा घ्या. तिथे पहार नको. केबलमध्ये टोक घुसतं ते पहारीचंच. फावड्याने आडवं खरवडत जा.

बीएसएनएलच्या मानकाप्रमाणे फायबर १.६५ मीटर खोल जाते. १.५ मीटरपुढच्या चराला आधार किंवा उतार लागतो, आणि उन्हाळ्यात भेगाळलेली पुण्याची काळी माती पावसात सरळ कोसळते. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाका.

फायबरचे तुकडे, लेझर आणि ब्लोइंग

१२५ मायक्रॉनचा काचेचा तुकडा त्वचेत गेला तर दिसत नाही. तुकडे दिसायला काळी चटई, ते टाकायला झाकणाची डबी आणि काम संपेपर्यंत टेबलावर ना चहा ना वडापाव. डोळ्याला बोट लावण्याआधी हात साबणाने धुवा. फायबरच्या टोकात डोकावून प्रकाश येतोय का बघू नका. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो. पॉवर मीटर लावा, आणि तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली टोक धरण्याआधी दुसऱ्या टोकाचा लेझर बंद केल्याची खात्री फोनवर करून घ्या.

डक्टमध्ये ८-१० बारच्या दाबाने केबल फुंकताना दूरच्या चेंबरमध्ये माणूस उभा असतो, केबल आली की सांगायला. तिथून केबल अचानक जोरात बाहेर येते. त्याला चेंबरच्या तोंडापासून बाजूला ठेवा आणि होजच्या जोडांना व्हिप चेक (जोड सुटला तर होजला फटका मारू न देणारी तार) लावा.

भंगार

उरलेली तांब्याची केबल भंगारवाल्याला वजनावर दिली जाते आणि पुढे कुठेतरी जाळली जाते. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन बाहेर पडतात. दोन रुपये किलोमागे कमी मिळाले तरी यंत्राने साल काढणाऱ्या, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरकडे द्या आणि पावती फाइलला लावा. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवा, उभ्या, टर्मिनलला टेप लावून. त्यांना केबलच्या भंगारात टाकू नका. शॉर्ट होऊन आग लागते ती गोदामातच.