संगीताच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांतून एक कसं निवडावं

संगीतासाठी कुठलं विद्यापीठ चांगलं, असं कोणी विचारलं की मी उलट एकच विचारतो. तिथं आठवड्याला तुम्ही स्वतः किती वेळ गाणार, आणि समोर कोण बसलेलं असणार? इमारत, नॅकची श्रेणी, शहराचं नाव हे सगळं त्यानंतर. परभणी, हिंगोली, बीडकडच्या मुलांपुढे सहसा दोन वाटा असतात, एक घराजवळची आणि एक पुण्या-मुंबईची. घरचे म्हणतात जवळच राहा, क्लासमधले सोबती म्हणतात पुण्याशिवाय गाणं नाही. दोघांचंही ऐकून घ्यावं आणि मग पुढच्या क्रमानं आपण स्वतः तपासावं.

१. पदवी कसली आहे ते आधी बघा

‘संगीतात बीए’ म्हणून दोन फार वेगळ्या गोष्टी मिळतात. एकीकडे संगीत हा मुख्य विषय असतो आणि दिवसाचा बराच भाग गाण्यातच जातो. दुसरीकडे मराठी, इतिहास आणि जोडीला संगीत असं असतं. दोघांच्याही प्रमाणपत्रावर बीए लिहिलेलं असतं, पण तीन वर्षांनी दोघांना समोरासमोर गायला बसवलं की फरक लगेच ऐकू येतो. काही ठिकाणी बीपीए असते, म्हणजे प्रयोगजीवी कलांचीच पदवी. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक (क्रेडिट) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. त्यातले संगीताचे किती आणि संगीतातही प्रात्यक्षिकाचे किती, हे अभ्यासक्रमाच्या पीडीएफमधून काढून एका कागदावर लिहा. दोन्ही विद्यापीठांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. पुष्कळदा अर्धा निर्णय इथंच होतो.

आपला विषय तिथं मुख्य म्हणून घेता येतो का, हेही इथंच बघावं. मराठवाड्यातली कितीतरी मुलं भजनातून, कीर्तनाच्या साथीतून पुढे येतात. अंबाजोगाईला शंकरबापू आपेगावकरांच्या पखवाजाची परंपरा आहे, गावोगावच्या सप्ताहांत मृदंग वाजवणारी पोरं तयारीची असतात. पण अनेक विभागांत तालवाद्य म्हणजे तबलाच. पखवाज शिकवणारे गुरू नसतील तर त्या मुलाला तीन वर्षं तबल्यावर काढावी लागतील. त्याचा हात त्यात फिरेलही, पण आपल्याला हेच हवं होतं का, हे प्रवेशाआधी ठरायला हवं.

२. पर्याय दोनच ठेवा, पण शोधताना मोकळेपणानं शोधा

छत्रपती संभाजीनगरला १९५८ साली स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचे विभाग आहेत. नांदेडला १९९४ साली झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोली हे जिल्हे नांदेडच्या विद्यापीठाखाली येतात. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव पहिल्याखाली. विद्यापीठाचा विभाग आणि त्याच विद्यापीठाशी संलग्न असलेलं तुमच्या तालुक्याचं महाविद्यालय, ही दोन ठिकाणं वेगळी धरा. पदवी एकाच विद्यापीठाची मिळते, तालीम मात्र वेगळी असू शकते. कुठला अभ्यासक्रम यंदा सुरू आहे, किती जागा आहेत, हे त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेतच बघावं. गेल्या वर्षीच्या मुलानं सांगितलेल्या माहितीवर जाऊ नये.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथं गुरुकुल पद्धत आहे. मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, आणि मुलींसाठी एसएनडीटीची वाट आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोदा, बनारस आणि खैरागड. बडोद्याच्या संगीत शाळेची सुरुवात सयाजीरावांच्या काळात १८८६ साली झाली. बनारस हिंदू विद्यापीठात पंडित ओंकारनाथ ठाकूरांनी १९५० मध्ये संगीताचं काम उभं केलं. छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून फक्त कलांसाठीच आहे.

३. मिनिटांचा हिशोब मांडा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, चौकटीत थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. समजा एका सत्रात गायनाचे चार श्रेयांक आहेत. १२० तास झाले. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. वर्गात वीस मुलं असली तर एकेकाच्या वाट्याला २४ मिनिटं येतात, सहा असली तर ८०. श्रेयांक तेच, पाठ्यक्रम तोच, राग तेच. तरी एका मुलाला तिपटीहून जास्त वेळ गुरूसमोर गायला मिळतो.

म्हणून मुलं किती आणि गुरू किती, हे स्पष्ट विचारा. तुकड्या पाडतात का? कायमस्वरूपी प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावर अतिशय चांगले कलावंत शिकवतात, त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. पण त्यांच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावर उशिरा होतात आणि पहिला महिना हातचा जातो. ‘गेल्या वर्षी प्रात्यक्षिकाचा पहिला तास कोणत्या तारखेला झाला?’ हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.

४. वर्गात जाऊन बसा

ही पायरी कोणीही वगळू नये. विभागप्रमुखांना फोन करा, ‘सर, प्रवेश घ्यायचा विचार आहे, एक दिवस वर्गात मागे बसून ऐकू का?’ असं विचारा. बहुतेक जण आनंदानं या म्हणतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दोन विद्यापीठांत निवड करतोय हेही सांगून टाका.

वर्गात काय बघायचं? सगळ्यात आधी तानपुरा. लाकडी तानपुरे भिंतीला टेकून धूळ खात असतील आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपवर वर्ग चालला असेल, तर तिथं स्वर लावायला शिकवण्याला किती महत्त्व आहे ते कळलं. अ‍ॅप रियाजाला चालतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण तारा जुळवताना जो कान तयार होतो, तो बटण दाबून होत नाही.

मग सूर कुठला धरलाय ते बघा. सेलूची एखादी मुलगी धरू, संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारी. वर्गात मुलं-मुली एकत्र बसलेली, आणि मुलांच्या सोयीनं तानपुरा काळी दोनला लावलेला. ही मुलगी तिथं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, चाचपडणार, तिचा षड्ज (सा) दबलेला राहणार. तीन वर्षं असं गायली तर आवाजाचं नुकसान होतं. चांगल्या विभागात मुलींचे आणि मुलांचे तास वेगळे असतात, निदान दोन तानपुरे दोन सुरांत लावलेले असतात. वर्गात पाच मिनिटं बसलं की हे कळतं.

तबल्यावर कोण बसलंय? संगतकाराची जागा भरलेली नसेल तर बडा ख्याल मोबाइलवरच्या तबल्यावर, नाहीतर हातानं ताल देऊन गावा लागतो. विलंबित एकतालात आवर्तन भरायचं, मुखडा घेऊन समेवर यायचं, हे माणसाच्या ठेक्यासोबतच शिकायला होतं. तो तुमच्याकडे बघत असतो, तुम्ही त्याच्याकडे. संगतकार आहे का, आठवड्यात किती तास असतो, परीक्षेच्या आधीच येतो की वर्षभर असतो, हे नक्की विचारा.

शेवटचं, गुरू चुका कशा काढतात ते ऐका. सगळ्यांकडून एकदम बंदिश म्हणवून घेऊन तास संपतो, की एकेकाला थांबवून ‘हा कोमल गंधार चढतोय, परत घे’ असं सांगितलं जातं? मला विचाराल तर ज्या वर्गात थांबवून सांगतात तो वर्ग घ्या, मग त्याच्या बाहेरची पाटी कुठलीही असो.

वसतिगृहही त्याच फेरीत बघून घ्या. पहाटे रियाज करू देतात का? विभागाच्या खोल्या संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघड्या असतात, रविवारी किल्ली कोणाकडे असते? पुण्यात भाड्याच्या खोलीत पहाटे साडेपाचला षड्ज लावला की शेजारी दार वाजवतात. गावाकडे मोकळ्या घरात गाणाऱ्या मुलांना हे आधी सुचत नाही.

५. जुन्या प्रश्नपत्रिका आणि स्वरलिपी

मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना पलुस्कर पद्धतीची स्वरलिपी सवयीची असते, तर बऱ्याच विद्यापीठांत भातखंडे पद्धत चालते. शिकायला अवघड नाही, पण सुट्टीतच हात बसवून घ्यावा. मंडळाची विशारद परीक्षा झालेल्यांनी एक वेगळी चौकशी करावी. विशारदला कुठं, कशासाठी समकक्ष धरतात हे प्रत्येक विद्यापीठ आपापलं ठरवतं. तोंडी आश्वासन घेऊ नका, लेखी मागा.

६. आताच्या गुरूंशी बोला

गावातल्या ज्या बाईंनी किंवा गुरुजींनी तुम्हाला सा लावायला शिकवला, त्यांच्यापासून हे लपवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. ते ज्या घराण्याचं गातात आणि नव्या ठिकाणी जे शिकवलं जाईल त्यात अंतर पडू शकतं. किराणा घराण्याची सुराला धरून होणारी बढत अंगात मुरलेली असताना जयपूर घराण्याचा पेच समोर आला की पहिले सहा महिने मुलं गोंधळतात. ते गोंधळणं वाईट नाही. पण दोन्हीकडे एकाच वेळी दोन वेगळ्या पद्धतींची तालीम घ्यायची की नाही, हे गुरूंनी सांगावं. इथं नांदेडसारखा जवळचा पर्याय भाव खाऊन जातो. परभणीचं पोर तासाभराच्या रेल्वे प्रवासात घरी येतं आणि शनिवार-रविवारची तालीम चालू राहते. जुने गुरू खरोखर मोठे असतील तर जवळचं विद्यापीठ घ्या, असं मी बिनदिक्कत सांगतो.

उलट, गावात शिकवणारं कोणी उरलेलं नसेल, ऐकायला मैफली नसतील, तर दूर जाण्याला मोल आहे. पुण्यात महिन्याला चार चांगल्या मैफली ऐकायला मिळतात, आणि ऐकणं हा निम्मा अभ्यास आहे.

७. पैसे

विभागाची फी बहुतेकदा आवाक्यात असते. खरा खर्च खोली, मेस, प्रवास आणि वाद्याचा. दोन्ही शहरांचा वर्षाचा आकडा घरच्यांसमोर मांडा. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरता येतात; अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना, शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपला अभ्यासक्रम त्या यादीत बसतो का, हे विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती कक्षात विचारा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं महिन्याला ५,००० रुपये. ती विद्यापीठावर अवलंबून नाही, गुरूकडे शिकण्यासाठीच आहे. तिचा अर्ज जरूर करा.

घरचे ‘आधी बीकॉम कर’ म्हणत असतील तर त्यांना सांगा, यूजीसीनं २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे. एक वर्गात बसून, दुसरी दूरस्थ पद्धतीनं करता येते.

८. पुढं काय करायचंय

प्राध्यापक व्हायचं असेल तर पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. मग थिअरी नीट शिकवणारा विभाग हवा. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकच्या संगीत शिक्षकासाठी संगीताचीच पदवी मागतात, तिथं पहिल्या पायरीतला फरक आडवा येऊ शकतो. आकाशवाणीच्या ऑडिशनला पदवी कोणी विचारत नाही, तिथं फक्त गाणं ऐकतात.

९. प्रवेश घेताना

दोन्हीकडची प्रात्यक्षिक चाचणी द्या. एक विलंबित, एक द्रुत आणि एक भजन किंवा नाट्यपद तयार ठेवा, आणि आपला सूर परीक्षकांना आधी सांगा. एकीकडे नाव आधी लागलं तर जागा धरून ठेवायला हरकत नाही. प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत देण्याचे यूजीसीचे नियम आहेत. कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळेल ते पावती घेतानाच विचारा. मूळ कागदपत्रं तपासून लगेच परत द्यायची असतात, विद्यापीठाला ती अडकवून ठेवता येत नाहीत. टीसीच्या साक्षांकित प्रती चार-पाच काढून ठेवा, दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत जाणार असाल तर स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाका.