कालची हवा मॉडेलला सांगू नका

लॉकडाऊन नसता तर हवा कशी असती, हे काढायला केलेलं माझं पहिलं संगणकी मॉडेल भलतंच हुशार निघालं. एप्रिल २०२० मधल्या पुण्याच्या पीएम २.५ चे (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे) आकडे त्याने इतके जवळून गाठले, की मी तो आलेख वर्गात कौतुकाने दाखवला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे लॉकडाऊनने काहीच फरक पडला नाही?"

पकडलं होतं तिने. मी आदल्या दिवशीचं पीएम २.५ इनपुटमध्ये दिलं होतं. रस्ते ओस पडल्यावर कालचा आकडाच उतरलेला, मॉडेल त्याचं बोट धरून उतरत गेलं. उद्याची हवा कळवायची असेल तर कालचा आकडा हवाच. पण 'सगळं नेहमीसारखं चालू असतं तर हवा कशी असती' हे विचारायचं असेल, तर तो रकाना काढून टाका. अंदाज ढोबळ होईल. होऊ द्या.

त्याऐवजी हवामान द्या: वाऱ्याचा वेग आणि दिशा, तापमान, आर्द्रता, पाऊस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीलगतची हवा किती उंचीपर्यंत ढवळली जाते ते. हिवाळ्यात पहाटे हे झाकण खाली येतं आणि तेवढाच धूर दुप्पट वाटतो. हे सगळं ईआरए५ या जागतिक हवामान-नोंदींच्या संचात तासागणिक फुकट मिळतं, पण जागतिक वेळेत. साडेपाच तास मिळवायचे विसरलात तर तुमच्या पुण्यात भर दुपारचं ऊन सकाळी साडेसहाला पडेल. मिळवल्यावर एक गंमत होते. शून्य वाजताची नोंद आपल्या साडेपाचची, आणि हवा मोजणाऱ्या केंद्राची पाच ते सहाची सरासरी बरोबर तिच्या दोन्ही बाजूंना बसते. पाऊस तेवढा आधीच्या तासाभराचा असतो, तो वेगळा जुळवा.

शिवाय तास, वार, वर्षातला दिवस. दिवाळीसाठी 'लक्ष्मीपूजनापासून किती दिवस' असा रकाना करा. २०१८ मध्ये ते ७ नोव्हेंबरला होतं, २०१९ मध्ये २७ ऑक्टोबरला. तारखेवरून मॉडेलला फटाके कळत नाहीत. केंद्राच्या नोंदीत तोच आकडा दशांशासकट सहा-सात तास दिसला, तर यंत्र अडकलंय समजा आणि ते तास गाळा.

मी रँडम फॉरेस्ट वापरते, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकलेल्या अनेक निर्णयवृक्षांची सरासरी. नोंदी पिसून चाचणी घेऊ नका. अकराची नोंद शिकवणीत आणि बाराची परीक्षेत, म्हणजे पेपर फुटलेलाच. अख्खं वर्ष बाजूला ठेवा. २०१७-१८ वर शिकवून आधी एप्रिल २०१९ चा अंदाज काढा. त्या महिन्यात काहीच विशेष घडलं नव्हतं, तेव्हा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंदीत जो फरक दिसेल तो मॉडेलचा स्वतःचा. मग फेब्रुवारी २०२० अखेरपर्यंत शिकवा (मार्चच्या मध्यापासूनच शहर मंदावलं होतं) आणि एप्रिल २०२० काढा. इथला फरक २०१९ च्या फरकापेक्षा ठळक नसेल तर गप्प बसा. १ एप्रिलला बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक लागू झालं, पण त्या महिन्यात नव्या गाड्या विकल्याच जात नव्हत्या, तेव्हा श्रेय तिकडेही नको.

मग कोणीतरी विचारतंच, "ट्रक ३० टक्के कमी केले तर?" या मॉडेलला ट्रक ठाऊकच नाहीत. वाहतुकीचा रकाना जोडला तरी फॉरेस्ट शिकवणीतल्या आकड्यांच्या पलीकडे जात नाही, आणि लॉकडाऊनमध्ये ट्रक, बांधकामं, हॉटेलं एकदमच थांबली, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे सुटं होत नाही. त्यातून पीएम २.५ चा बराच भाग धुराड्यातून येतच नाही, वायूंपासून हवेत तयार होतो. ते गणित डब्ल्यूआरएफ-केमसारख्या रसायनाच्या मॉडेलचं.

म्हणून पहिला प्रयोग नायट्रोजन डायऑक्साइडवर करा. तो हवेत फार टिकत नाही, गाड्यांच्या मागोमाग चढतो-उतरतो. त्याच कोडमध्ये ओझोन घालून बघा. गाड्या थांबल्यावर शहरात तो वाढलेला दिसला, तर चिन्ह उलटं पडलं म्हणून कोड खोदत बसू नका. एरवी गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला खातो, तो खाणाराच कमी झालेला असतो.